चुलीत जाणारी पुडी

शाम्पू, साबणचुरा, चहा, वेफर्स, सगळे आता पुडीत मिळते. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला १ रुपयाची पुडी परवडते, मोठी बाटली नाही. म्हणून कचऱ्याचा दोष वस्तीच्या माथी मारू नये. पण रिकाम्या पुडीचे पुढे काय होते, हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे.

चकचकीत पुडीत प्लास्टिक आणि बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सहज वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. मग पुडी चुलीत जाते. प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू आणि अतिशय बारीक कण असतात. चुलीपुढची बाई आणि तिच्याजवळचे मूल यांच्या छातीत तो धूर सर्वात आधी जातो. खोकला, डोळ्यांची जळजळ, दम्याचा त्रास वाढतो. गर्भवतीने तर या धुरापासून लांबच राहावे.

उघड्यावर टाकलेल्या पुड्या, कप, करवंट्यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला तेवढे पुरते; अंड्यापासून डास साधारण ८ ते १० दिवसांत तयार होतो. उरलेला कचरा गटार तुंबवतो, नाहीतर सावित्री नदीतून महाडकडे वाहत जातो.

घरात आणि वस्तीत एवढे करता येईल :

• प्लास्टिक चुलीत घालू नका. पेटवायला सुका पालापाचोळा, काटक्या वापरा.
• बचत गटातर्फे शाम्पू, तेल मोठ्या डब्यात घ्या आणि आपापल्या बाटलीत वाटून घ्या.
• दुधाच्या, तेलाच्या पिशव्या धुऊन वाळवा. स्वच्छ पिशव्या आणि बाटल्या भंगारात जाऊ शकतात.
• आठवड्यातून एकदा घराभोवतीचे साचलेले पाणी ओता.
• १४ एप्रिलला, विहारातील कार्यक्रमांना पाण्याच्या पाऊचऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा.

आता हक्काची गोष्ट. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वेष्टणाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी माल विकणाऱ्या कंपन्यांवरही आहे. गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायला याच नियमांनी बंदी आहे. कचरा उचलण्याची व्यवस्था पोलादपूर शहरात नगरपंचायतीने, खेड्यात ग्रामपंचायतीने करायची आहे. गाडी वस्तीच्या तोंडावरूनच परत फिरत असेल, तर महिलांनी एकत्र येऊन ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.