एकाच अक्षराचे चार शेजारी

वर्णमालेच्या तक्त्यावर 'घ' या अक्षरापुढे बहुधा घराचे चित्र असते. त्या घराच्या भोवताली, बांधावर आणि शेतात राहणारे काही लहान जीवही याच अक्षराने सुरू होतात : घूस, घोणस, घोरपड आणि घुबड. तक्त्यावर हे चौघे शेजारी आले, तर तो केवळ ध्वनीचा योगायोग म्हणावा लागेल. भाताच्या शेतात मात्र ते खरोखरच शेजारी आहेत. आणि तेथे त्यांना एकत्र आणणारी गोष्ट अक्षर नसून भूक ही आहे.

छत्तीसगडमधील अभनपूर हे रायपूरच्या दक्षिणेस, धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले गाव. सभोवतालचा प्रदेश भातशेतीचा आहे. या मुलखावरील नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ मध्ये संपली; परंतु मराठी बोलणारी कुटुंबे रायपूरच्या परिसरात राहिली. त्यांच्या शेजारी छत्तीसगढी आणि हिंदी बोलली जाते, आणि तेथे या चौघांच्या नावांची जुळणी टिकत नाही. घोरपडीला हिंदीत गोह म्हणतात. हे नाव संस्कृतातील 'गोधा' या शब्दापासून आले आहे. घोणशीला संस्कृतात 'गोनस' असे नाव होते, तर हिंदीत तिला दबोइया म्हणतात. घुबड छत्तीसगढीत घुघवा होते. संस्कृतातील 'घूक' आणि हा शब्द, दोन्ही त्या पक्ष्याच्या आवाजावरून घडले असावेत असे वाटते. घूस तेवढी हिंदीतही घूसच राहते. त्या भाषेत या शब्दाचा दुसरा अर्थ लाच असा आहे. लपूनछपून साठा करणाऱ्या प्राण्याच्या नावाला तो शोभतोही! भाषा बदलली की अक्षराचे नाते असे सुटते. शेतातले नाते मात्र कोणत्याही भाषेत तसेच राहते.

त्या नात्याचा आरंभ घुशीपासून होतो. घूस ही उंदराच्या कुळातील. तिच्या मोठ्या जातीचा प्राणी एक किलोपर्यंत भरू शकतो. भातपिकाचा फडशा पाडणारी जात त्याहून लहान असते. इंग्रजीत घुशीला बँडिकूट म्हणतात. हा शब्द तेलुगूतील 'पंदिकोक्कु' या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ 'डुक्कर-उंदीर' असा होतो. डिवचली गेली की ती डुकरासारखी गुरगुरते. भात निसवू लागले की घूस रात्री उभी ताटे बुंध्याशी कुरतडते आणि लोंब्या ओढून बिळात नेते. बिळात धान्याची स्वतंत्र कोठारे असतात. तमिळनाडूतील इरुळा आणि बिहारमधील मुसहर समाजातील लोक कापणीनंतर अशी बिळे खणून त्यांतील धान्य मिळवीत आले आहेत. बीळ बहुधा बांधातच असते; त्यामुळे बांध पोखरतो आणि खाचरातील पाणी झिरपून जाते. बिळाच्या तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, तर घूस आत आहे असे समजावे. धान्याच्या हानीपेक्षाही घातक असा एक धोका आहे. लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू रोगबाधित उंदीर-घुशींच्या मूत्रातून खाचराच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. पावसाळ्यात चिखलात काम केल्यानंतर तीव्र ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना शेतातील कामाची माहिती आवर्जून द्यावी.

जेथे घूस, तेथे घोणस. घोणस स्वतः बीळ खणत नाही. उंदीर-घुशींच्या बिळांत ती आसरा घेते आणि त्यांनाच खाते. नाग, मण्यार आणि फुरसे यांच्याबरोबर तिची गणना भारतातील चार प्रमुख विषारी सापांत होते. अंग जाड, डोके त्रिकोणी आणि पाठीवर साखळीसारख्या गडद लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा, ही तिची खूण. या ठिपक्यांमुळेच काही जण तिला अजगराचे पिल्लू समजून हाताळतात, आणि ही चूक जिवावर बेतते. ती अंडी घालत नाही. जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि एका वेळी त्यांची संख्या वीस-तीसपर्यंतही असते. माणसाची चाहूल लागली तरी ती सहसा पळत नाही, वेटोळे घालून बसून राहते आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. तो फूत्कार ऐकू आला तर माणूस वाचतो. परंतु कापणीच्या दिवसांत विळ्याचा हात ताटांच्या बुंध्याशी वेगाने फिरत असतो, आणि पेंढीखाली बसलेली घोणस दिसत नाही.

घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. उपचारास उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. रुग्णालयात यासाठी एक अगदी साधी चाचणी करतात. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, म्हणजे ते गोठलेले नाही आणि विष भिनले आहे. मग प्रतिविष दिले जाते. घोड्यांना अल्प प्रमाणात विष टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून हे औषध बनवितात. भारतात मिळणारे प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारून रुग्णालयात नेण्याची गरज नसते. त्या खटपटीत दुसऱ्याच माणसाला दंश होण्याची भीती असते.

औषध असूनही माणसे मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले, आणि तेही रुग्णालयाबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. रुग्णालयाबाहेर जाणारा वेळ हाच येथे खरा शत्रू आहे. छत्तीसगडमध्ये बैगा-गुनिया, महाराष्ट्रात मांत्रिक किंवा भगत यांच्याकडे पहिले तास खर्ची पडतात. जखमेवर काप देणे, विष तोंडाने ओढणे, दोरी करकचून बांधणे या तिन्ही गोष्टींनी अपायच होतो. घोणशीच्या दंशात काप दिल्यास रक्त थांबतच नाही. रुग्णाला धीर द्यावा, अंगठी, बांगड्या काढाव्यात, दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. शेतात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि रात्री विजेरी, एवढ्यानेही पुष्कळ दंश टळतात.

घोणशीला लोक भितात, ते योग्यच आहे. घोरपडीची भीती मात्र निराधार आहे. तिच्या चाव्याने माणूस विष चढून मरतो, असे अनेक ठिकाणी मानतात. हिंदी भाषक प्रदेशात तिच्या पिल्लांना 'बिसखोपरा' म्हणून ठेचून मारतात. ही समजूत खरी नाही. दुभंगलेली जीभ लवलवत ठेवून ती वास घेत हिंडते आणि किडे, खेकडे, अंडी, उंदीर-घुशींची पिल्ले, प्रसंगी लहान सापही खाते. शेतकऱ्याकडून मजुरी न घेता ती बांध राखते. तरीही मांसासाठी, सांधेदुखीवरील तेलासाठी आणि कंजिरासारख्या वाद्याच्या कातड्यासाठी तिची हत्या होत आली आहे. कोंढाण्याच्या लढाईच्या कथेतील यशवंती घोरपडीचे कौतुक करणाऱ्या समाजातही तिला अभय मिळाले नाही. 'हत्थाजोडी' नावाची जी मुळी धनप्राप्तीसाठी विकली जाते, ती वनस्पती नसून नर घोरपडीचे सुकविलेले जननेंद्रिय आहे, हे संशोधकांनी २०१७ मध्ये उघड केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश असून तिच्या शिकारीबद्दल किमान तीन वर्षांचा कारावास होऊ शकतो.

रात्र झाली की चौथा शेजारी कामाला लागतो. गव्हाणी घुबडाचे कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना थोडे वरखाली असतात. त्यामुळे गवतातील खसखस नेमकी कोठून आली, हे त्याला अंधारातही कळते. पिसांच्या कडांना मऊ झालर असल्याने उडताना आवाज होत नाही. अशुभ म्हणून त्याला घराजवळून हाकलतात आणि दिवाळीच्या सुमारास धनाच्या लोभाने त्याचा बळीही देतात. शिवाय विषारी आमिष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर उचलला, तर ते विष घुबडाच्याही पोटात जाते. याउलट, खाचराच्या मध्ये इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा पक्षिथांबा रोवला, तर त्यावर बसून ते रात्रभर टेहळणी करते. सावज ते शक्यतो अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची काळपट गोळी तोंडावाटे टाकून देते. सकाळी थांब्याखाली पडलेली अशी गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलली, की त्यात इवल्या कवट्या सापडतात, आणि त्यांच्या पटाशीच्या दातांवरून त्या रात्री किती उंदीर-घुशी कमी झाल्या, हे मोजता येते.