पाच दिवसांचं पाणी, आठ दिवसांचा डास

पहाटे 5.10

आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस. गजर लावावा लागत नाही. शेजारी बादली सरकल्याचा आवाज झाला की सगळी गल्ली उठते. सोलापूरच्या पूर्व भागात नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे पाहुण्यांना बोलवायचं असो की चादरी धुवायच्या असोत, आधी पाण्याची पाळी मोजायची ही इथली रीत.

दार उघडलं तर समोरच्या ओट्यावर माझी सातवीतली विद्यार्थिनी उभी. एका हातात वही, दुसऱ्या हातात बांबूची कामटी. कामटीवर दर पाच सेंटिमीटरला ब्लेडने खाच पाडलेली आणि खाचेत लाल नेलपॉलिश भरलेलं, म्हणजे अंधारातही दिसावं. नळाची धार सुरू व्हायच्या आत तिने ती कामटी बॅरलमध्ये उभी बुडवली, वर काढली, ओल कुठवर चढली ते अंगठ्याने धरून ठेवलं आणि मग दिव्याखाली येऊन वाचलं. पस्तीस.

"बाई, नीळ्ळु आले," ती म्हणाली. अर्धवट झोपेत तिची मराठी आणि घरची तेलुगू एक होते. तिच्या वहीत तीन रकाने आहेत: पाणी आलं कधी, गेलं कधी आणि नवं पाणी भरण्याआधी बॅरलमध्ये जुनं किती होतं. तिसरा रकाना मी सुचवलेला नाही, तो तिचा आहे. तो कशाला हवा, असं मी दोन आठवड्यांपूर्वी विचारलं होतं. तेव्हा तिला सांगता आलं नव्हतं. "असू द्या की," एवढंच म्हणाली होती.

सकाळी 8.00

घरचं पाणी भरून झालं, भाकऱ्या झाल्या. आता मुलांच्या वह्या. सातवी-आठवीतली चौदा मुलं, दोघादोघांचे सात गट, प्रत्येक गटाकडे आपापल्या गल्लीतली थोडी घरं. काम एकच: घरातलं प्रत्येक साठवणीचं भांडं बघायचं, त्यात डासाच्या अळ्या आहेत की नाहीत ते लिहायचं.

विषय मुलांनीच काढला. मी जूनमध्ये फक्त विचारलं होतं, "तुमच्या घरात असं काय आहे, जे रोज त्रास देतं आणि ज्याच्याबद्दल कुणी काही करत नाही?" फळ्यावर उत्तरं भरली. यंत्रमागाचा आवाज, तंबाखूची धूळ, पत्र्याची उष्णता. आणि नऊ जणांनी लिहिलं होतं, दोमलु. म्हणजे डास. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या दोघांच्या घरी डेंग्यू होऊन गेला होता.

एका वहीपाशी थांबले. तीन घरं, तिन्ही घरांत चार भांडी, तिन्ही घरांत एका भांड्यात अळ्या. घरं इतकी सारखी नसतात. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

सकाळी 10.40

शाळा भरायच्या आधी त्या मुलाला बाजूला घेतलं. रागावले नाही. विचारलं, "दुसऱ्या घरातलं बॅरल कुठल्या रंगाचं होतं?" तो गप्प. मग म्हणाला, "बाई, त्या घरात कुणी आत घेईना. तिसऱ्या घराला कुलूप होतं."

"मग तेच लिही. आत घेतलं नाही. कुलूप होतं."

"चालतं व्हय?"

चालतं नव्हे, तेच हवं. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शन म्हटलं की थर्माकोलचा ज्वालामुखी, मोटर लावलेली पवनचक्की आणि सुवाच्य अक्षरातला तक्ता असतो. तिथे काहीच चुकत नाही, कारण तिथे कुणी काही शोधतच नसतं. मुलाला पहिली पाच-सहा वर्षं हेच दिसलं तर रिकामा रकाना म्हणजे नापास असं त्याच्या डोक्यात बसतं, आणि मग तो रकाने भरायला लागतो. हा मुलगा लबाड नाही. त्याला रिकामं ठेवायची मुभा आजवर कुणी दिली नव्हती. त्याने खोडरबर काढलं, मी ते परत ठेवायला लावलं. जुन्या आकड्यांवर एक आडवी रेघ, शेजारी खरी नोंद, आजची तारीख. खोडलेलंही दिसलं पाहिजे.

दुपारी 12.15

आठवीचा तास. आज पिंजरे उघडायचे. पिंजरे म्हणजे पत्र्याचे डबे, बाहेरून-आतून काळा रंग दिलेले, अर्धे पाण्याने भरलेले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंधाऱ्या भांड्यात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, खरबरीत ओल्या पृष्ठभागावर अंडी घालतो. त्यासाठी परदेशात लाकडी पट्टी किंवा खास कागद लावतात. आमच्या सोलापुरात त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. टॉवेलच्या कारखान्यातून कडांच्या कापलेल्या चिंध्या मिळतात. टेरी कापडाचे ते फासे ओल धरून ठेवतात आणि डासिणीला ते फार आवडतात, हे मुलांनीच तपासून काढलं. साधं कापड एका डब्यात, टॉवेल दुसऱ्यात, शेजारी शेजारी ठेवून.

एकीने चिमट्याने चिंधी उचलली आणि भिंगाखाली धरली. पांढऱ्या फाशांमध्ये काळे ठिपके. नुसत्या डोळ्यांना काजळाचे कण वाटावेत इतके बारीक, एक मिलिमीटरही नाहीत. भिंगातून मात्र प्रत्येक ठिपका लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि चकचकीत. मुलं एकेक करून वाकली. कुणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाला, "चिंधी वाळली तर मरतील की."

इथे त्यांना सांगावं लागलं. ही अंडी वाळून कित्येक महिने तशीच चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. बॅरल नुसतं उपडं करून उन्हात ठेवलं तरी भिंतीवरची अंडी तिथेच. भिंत घासायलाच हवी. मुलांनी पिंजऱ्यांतलं पाणी मैदानातल्या कोरड्या मातीवर ओतलं आणि चिंध्या उकळत्या पाण्यात टाकल्या. हे दर चौथ्या दिवशी न चुकता करायचं. विसरलो तर आपला पिंजराच डासांचं पाळणाघर होईल, हे मी पहिल्याच दिवशी बजावलेलं आहे.

तास संपायला दहा मिनिटं होती म्हणून रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. 20 ऑगस्ट 1897. डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याला मलेरियाचा परजीवी दिसला. म्हणून तो दिवस आजही डास दिन म्हणून पाळतात. त्याचा डास वेगळा, ॲनोफिलिस, आपला एडिस. पण ही गोष्ट लंडनमध्ये घडलेली नाही, सिकंदराबादला घडली, असं म्हटल्यावर वर्ग एकदम हलला. या मुलांचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. सिकंदराबाद म्हणजे यांच्यासाठी लग्नाला जायची गाडी. "तिथं?" पाठीमागच्या बाकावरून आवाज आला. "आमच्या मामाच्या गावात?"

दुपारी 1.45

डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

दुपारी 2.30

मोकळा तास. सोबतच्या गणिताच्या बाई जवळ येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं रास्त आहे: घटक चाचणी तोंडावर आलीय, तुमची मुलं डबे घेऊन हिंडतात. मी त्यांना राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचं सांगितलं. 1993 पासून देशभर चालतं हे काम, 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी, आणि त्याची अट साधी आहे: प्रश्न आपल्या भागातला हवा, मुलांनी स्वतः मोजलेलं हवं, खर्च किरकोळ हवा. आमचा अहवाल तिकडे जाईल. पण मला त्याहून पाबळचं जास्त आठवतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम काढला. तिथली शाळेतली मुलं जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीची जागा सुचवायची, गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासायची. गावाला उपयोगी पडलेलं काम हाच अभ्यास.

"मग त्यांचं गणित?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच या चार वाजता," मी म्हटलं. त्या आल्या, आणि बरं झालं आल्या.

दुपारी 4.00

सगळे गट एका वर्गात. बारा घरांच्या नोंदी फळ्यावर. एका मुलाने कुठूनतरी वाचून आणलं होतं की शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात, आणि तो शंभराने गुणायला लागला. गणिताच्या बाईंनी खडू हातात घेतला. "बारा घरांवरून शंभराचं बोलू नका. एक घर इकडचं तिकडे झालं तर तुमचा आकडा आठाने उडेल." मुलांनी करून पाहिलं. खरंच उडाला. आकडा पुसला, "12 घरे" एवढंच ठेवलं.

मग मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, दिवस मांडले. पाण्याचा दिवस, मग चार रिकामे, पुन्हा पाण्याचा. वर डासाचं आयुष्य: अंडं, अळी, कोष, डास. आपल्याकडच्या उष्णतेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात.

"नळ पाच दिवसांनी येतो," बाई म्हणाल्या. "डासाला आठ दिवस लागतात. म्हणजे पाच दिवसांत बॅरल रिकामं झालं तर डास पूर्ण होणारच नाही. मग होतो कसा?"

कुणी म्हणालं गटारातून येतात. गटारातला डास बहुतेक क्युलेक्स, तो वेगळा, त्याची अळी लांब नळीची. कुणी म्हणालं शेजारच्या नगरातून येतात. पण एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरमध्येच फिरतो. गल्लीतला डास बहुतेक गल्लीतच जन्मलेला. पुन्हा शांतता.

सकाळची मुलगी वही उघडून बसली होती. तिने तिसऱ्या रकान्यावर बोट फिरवलं. "पस्तीस. चाळीस. तीस. पस्तीस." मग वर पाहिलं. "बाई, आमचं बॅरल कधीच रिकामं होत नाही. जुन्यावरच नवं ओततो आम्ही."

मला वाटतं त्या क्षणासाठी मी शिक्षिका झाले. तिला जे दोन आठवड्यांपूर्वी सांगता आलं नव्हतं ते तिच्या हाताला माहीत होतं.

पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, आणि तो अवघड होता. एका मुलाने सुचवलं, अर्ध्या घरांनी बॅरल घासायचं, अर्ध्यांनी नाही, आठ दिवसांनी मोजू. शास्त्र म्हणून बरोबर होतं. मी नाही म्हटलं. कुणाच्याही घरात मुद्दाम डास वाढू द्यायचा नाही, कारण तिथे एखादं तान्हं बाळ झोपतं. तुलना शाळेत करू: दोन लहान डबे, वर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधून, आणि सातव्या दिवशी पाणी मातीत. मुलांनी वाद घातला, मग मानलं. निघता निघता त्याच मुलाने विचारलं, उजनी 117 टीएमसीचं आणि एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर, तर आमचं बॅरल पाच दिवसांचं का? तो प्रश्न मी मागच्या पानावर लिहून घेतला. पुढच्या वर्षीचा विषय ठरला.

सायंकाळी 5.30

त्या मुलीचं घर. आजचं नवं पाणी हंड्या-बादल्यांत आहे, बॅरलमध्ये अजून जुनंच. आई ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे बोलताना हात थांबत नाहीत: पान, तंबाखू, वळ, दोरा, पान. मुलगी तिला आपला शोध सांगते, अर्धा मराठीत अर्धा तेलुगूत. आई ऐकून घेते आणि म्हणते, "रिकामं करू, आणि उद्या नळ आला नाही तर? तुम्ही देता का पाणी, बाई?"

याला उत्तर नव्हतं. तिचं खरं आहे. तळाचं जुनं पाणी म्हणजे आळस नव्हे, ती या घराची शिल्लक आहे. मुलीलाच काहीतरी सुचलं पाहिजे होतं, आणि सुचलं. पाणी टाकायचं नाही, काढायचं. तिने एक लांब पारदर्शक नळी आणली, बादलीत बुडवून पूर्ण भरली, दोन्ही टोकांना अंगठे लावले. एक टोक बॅरलच्या तळाला, दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत. अंगठे सोडले. पाणी आपोआप वाहायला लागलं. बादलीच्या तोंडावर टॉवेलची चिंधी बांधली होती, त्यात अळ्या अडकल्या, वळवळल्या. आईचे हात पहिल्यांदा थांबले. तिने वाकून चिंधी बघितली आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली.

गाळलेलं पाणी धुण्याला, संडासाला. आता भिंत. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला, घरोघरी नारळ फुटले. शेंड्या टाकू नका असं मी वर्गात सांगून ठेवलं होतं. बॅरल आडवं करून मुलगी कंबरेपर्यंत आत शिरली आणि काथ्याने पाण्याच्या जुन्या रेषेवरून गोल घासत गेली. बॅरलमधून तिचा आवाज घुमत होता. घासून झाल्यावर तोंडावर जुन्या चादरीचा तुकडा, वरून दोरी.

रात्री 9.00

वहीत लिहिते आहे. घर पाच, बॅरल एक, तळातलं पाणी काढलं, घासलं, झाकलं. आईचा प्रश्न शब्दशः लिहिला: "उद्या नळ आला नाही तर?" अहवालात तो पहिल्या पानावर जाईल.

दार वाजलं. तीच मुलगी, ओल्या केसांची. पुढचं पाणी बहुतेक रविवारी येणार, शाळेला सुट्टी. "कामटी घेऊन जाऊ का घरी? आता शून्य यायला पाहिजे ना, बाई?"

"येईल तेवढं लिही," मी म्हटलं.

तिने कामटी घेतली, लाल खुणा एकदा बोटाने पुसल्या आणि पळत गेली.