लपविलेली पेटी आणि भूमीचा राखणदार

लपंडाव हा खेळ फार जुना आहे; परंतु ज्यांत माणसाऐवजीं एक लहानशी पेटी लपते आणि शोधणारास आकाशांतील उपग्रहांचें साह्य होतें, असा लपंडाव मात्र अगदीं आपल्या काळांतला होय. त्यास जिओकॅशिंग असें नांव आहे. एकानें पाणी न शिरणाऱ्या पेटींत वही, पेन्सिल व दोन-चार किरकोळ वस्तू घालून ती रानांत किंवा टेकडीवर ठेवावी, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करावे, आणि इतरांनीं जी. पी. एस. यंत्राच्या मदतीनें ती हुडकून, वहींत नांव लिहून, पेटी होती तशी परत ठेवावी, एवढाच हा खेळ. खेळ साधा खरा. पण त्यांतून एक अवघड प्रश्न निघाला. जी जमीन सर्वांची, तिच्यावर आपली वस्तू लपविण्याचा अधिकार कोणास? ह्याचें उत्तर कसें सांपडलें, तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे.

हे उपग्रह अमेरिकन सरकारचे असून ते सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे हातांतलें यंत्र आपलें स्थान निश्चित करतें. पूर्वीं सामान्य जनांस मिळणाऱ्या संदेशांत सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या आरंभीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या आज्ञेनें ही चूक काढून टाकण्यांत आली, आणि लागलीच, ३ मे रोजीं, डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ओरेगन संस्थानांत बीव्हरक्रीक गांवाजवळ पहिली पेटी ठेविली. ती खरें पाहतां एक बादलीच होती. ती जमिनींत अर्धवट पुरलेली होती, आणि तींत घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. पुरणें आणि खाद्य ठेवणें ह्या दोन्ही गोष्टी पुढें निषिद्ध ठरल्या. त्या कां, तेंच आतां पाहूं.

खेळ झपाट्यानें पसरला, तेव्हां अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें त्यास प्रथम मनाई केली. ह्यांत केवळ अधिकाऱ्यांचा हट्ट नव्हता. १९१६ सालच्या ज्या कायद्यानें तें खातें स्थापन झालें, त्याचा हेतूच असा कीं, लोकांनीं उद्यानांचा उपभोग घ्यावा, पण पुढील पिढ्यांसाठीं तीं अबाधित राहतील अशा रीतीनें घ्यावा. सामान बेवारस टाकून जाणें व जमीन उकरणें ह्यांस तेथील नियमांनीं बंदी होती. एक पेटी दिसावयास क्षुद्र. पण पन्नास माणसें वाट सोडून तिच्याकडे गेलीं, म्हणजे गवत तुडवलें जाऊन नवी पायवाट पडते, पावसाचें पाणी तिच्यावरून वाहूं लागतें व माती धुपते. दगड उलथले कीं त्यांखालचे जीव उघडे पडतात. घरट्यांजवळ वर्दळ झाली कीं पक्षी अंडीं टाकून जातात. खाद्याच्या वासानें जनावरें येतात. साउथ कॅरोलायना संस्थानांत तर २००५ सालीं स्मशानभूमि व पुरातन स्थळें येथें परवानगीवांचून हा खेळ खेळणें गुन्हा ठरविणारें बिल प्रतिनिधिगृहानें मंजूरही केलें. सीनेटांत तें अडलें म्हणून कायदा झाला नाहीं, एवढेंच.

खेळाडूंपुढें दोन मार्ग होते. सरकारी जमीन म्हणजे आमचीच जमीन, असें म्हणून चोरून पेट्या ठेवणें हा एक. राखणदाराकडे जाऊन त्याची अडचण ऐकून घेणें हा दुसरा. सुज्ञांनीं दुसरा धरिला. जमिनीच्या मालकाची वा व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी. पेटीसाठीं खड्डा खणूं नये. तींत खाद्य ठेवूं नये. दोन पेट्यांमध्यें १६१ मीटर अंतर असावें. असे नियम ठरले. नवी पेटी जाहीर होण्यापूर्वीं एक स्वयंसेवक तिची तपासणी करितो, आणि राखणदारानें हरकत घेतल्यास पेटी काढली जाते. ब्रिटनमध्यें २००३ सालीं खेळाडूंचा संघ स्थापन झाला व त्यानें ठिकठिकाणच्या जमीनधारकांशीं करार केले. २००२ पासून तर, पेटी शोधावयास जातांना वाटेवरचा कचरा उचलून आणावा, असा उपक्रमही चालू आहे. कित्येक राखणदारांस ह्या खेळाडूंची पहिली ओळख पटली ती अशी, हातांत कचऱ्याची पिशवी घेतलेली.

परवानगी ही निवळ औपचारिक गोष्ट नव्हे, हें इंग्लंडांतील वेदरबी गांवीं २०११ सालीं दिसून आलें. तेथें रस्त्यावर ठेवलेली प्लॅस्टिकची पेटी बाँब समजून लष्करी पथकानें स्फोटानें उडविली. पेटी कोणाची, कशासाठीं, हें आधीं ठाऊक असतें, तर गांवाची ती धांदल टळली असती.

राखणदारांनींही मग हात आखडता घेतला नाहीं. अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनींच्या खात्यानें सामान्य खेळास परवान्याची अट ठेविली नाहीं. अस्पर्श राखलेल्या रानांत मात्र पेटी ठेवूं दिली नाहीं. राष्ट्रीय उद्यानांत निर्णय त्या त्या उद्यानाच्या अधीक्षकाकडे आला. २००८ सालीं मिनेसोटा संस्थानास दीडशें वर्षें झालीं, तेव्हां तेथील उद्यान-खात्यानें स्वतःच पेट्या ठेवून त्यांतून स्थानिक इतिहास शिकविला. ह्याहून सुंदर तोड अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या आश्रयानें २००४ पासून सुरू झालेल्या 'अर्थकॅश'नें काढिली. ह्यांत पेटीच नसते. खेळाडू त्या स्थळीं जातो, खडकांचे थर किंवा नदीचें वळण न्याहाळतो, आणि विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें लिहून धाडतो. येथेंही राखणदाराची संमति लागतेच. जमिनीवर ठेवावयाचें कांहीं नाहीं आणि उचलावयाचेंही कांहीं नाहीं. घरीं न्यावयाचें तें ज्ञान.

जी वस्तु सर्वांची, तिची काळजी कोणीच करीत नाहीं, असा अनुभव आपणांस पदोपदीं येतो. म्हणून तिला राखणदार लागतो, आणि त्यास विचारणें म्हणजे आपला हक्क सोडणें नव्हे. आपल्यामागून येणाऱ्याचा हक्क मान्य करणें होय. पेटी उचलून नेल्यावर ती कोठें होती हें ज्या जागेवरून कोणास सांगतां येणार नाहीं, ती पेटी उत्तम लपविली असें समजावें.