मूत्रपिंडातील रक्ताचे पाट

आपले हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर खेळवते. त्यातले जवळजवळ १ लिटर एकट्या मूत्रपिंडांच्या वाट्याला येते. ही जोडी वजनाला पाव किलोच्या आसपास, मग तिला एवढे रक्त कशाला? तर रक्त गाळणे हेच तिचे काम. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी ती गाळते, बहुतेक सारे रक्तात परत घेते आणि दीडएक लिटर लघवीवाटे बाहेर टाकते.

पण मूत्रपिंडाच्या आत रक्ताची वाटणी सारखी नसते. मूत्रपिंड उभे चिरले, तर बाहेरची साल आणि आतला गाभा असे दोन भाग दिसतात. गाळण्या सालीत असतात, म्हणून शंभरातले सुमारे नव्वद भाग रक्त तिकडेच जाते. गाभ्याला मिळते ते उरलेले. त्यातही सालीला लागून असलेल्या गाभ्याच्या पट्ट्यातल्या सूक्ष्म नळ्या मीठ परत ओढून घेण्याचे कष्टाचे काम अहोरात्र करतात, आणि प्राणवायू मिळतो तो जेमतेम पुरेल एवढाच. पाटाच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या शेतकऱ्यासारखी त्यांची गत.

मग रक्तपुरवठा मध्येच तुटला तर काय होते? हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ऐरणीवर आला. बॉम्बने पडलेल्या घरांखाली हातपाय चेंगरून कित्येक तास अडकलेली माणसे बाहेर काढली जात. प्रथम ती बरी दिसत. मग चेंगरलेला पाय सुजे, रक्तदाब उतरे. उपचाराने तो सावरला, तरी लघवी कमी होत जाई आणि आठवडाभरात माणूस दगावे. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ साली अशा चार रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली.

बार्सेलोनाहून ऑक्सफर्डला आलेले शल्यचिकित्सक त्रुएता यांनी सशांवर प्रयोग करून १९४७ साली एक तर्क मांडला : संकटात रक्त सालीला टाळून गाभ्यातल्या आडवाटेने निघून जाते. माणसाच्या बाबतीत हा तर्क जसाच्या तसा टिकला नाही; पण मूत्रपिंडात रक्त कोणत्या भागाला किती पोचते, याकडे साऱ्यांचे लक्ष त्याने वेधले.

आज आपल्याला कळले आहे ते असे. रक्त पुन्हा सुरू झाले, की सालीतला प्रवाह बराचसा सावरतो. सालीलगतच्या त्या पट्ट्यात मात्र तो मंदच राहतो. प्राणवायूवाचून पेशी सुजलेल्या असतात, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्यांत तांबड्या पेशी दाटीने अडकून बसतात. धरणातून पाणी सोडले, पण चारी गाळाने भरलेली असली, तर शेवटचे वाफे कोरडेच राहतात ना? तसेच हे. शिवाय मेलेल्या पेशी नळ्यांत अडकून लघवीची वाट अडवतात.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या घरांखाली माणसे अशीच गाडली गेली. म्हणून ढिगाऱ्यातून काढलेला माणूस बोलतो-चालतो एवढ्यावर विसंबू नका. त्याला दवाखान्यात न्याच. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, तरी धोका हाच. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी वेळेवर द्यावे. अशा वेळी अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. आणि लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली, तर सकाळची वाट पाहू नये.

वेळेवर गेल्यास आशा मोठी आहे. नळ्यांच्या पेशी पुन्हा वाढतात. कृत्रिम मूत्रपिंडाच्या आधाराने काही आठवडे निभावले, तर पुष्कळांची मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागतात. नाडी परत आली म्हणजे सारे संपले असे नव्हे. पुढचे दोन-चार दिवस लघवीवर लक्ष हवे.