एका टंकाची तीन नावे

पाळण्यातले नाव बाळकृष्ण, घरातली हाक बाळू, आणि हजेरीपटावर नुसती आद्याक्षरे व आडनाव! कोणते नाव कुठे चालते, हे आपण न शिकताच जाणतो. संगणकाला मात्र ही जाण नाही. म्हणून अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीचे माहितीपुस्तक लिहिणाऱ्याला टंकांच्या नावांबाबत फार काटेकोर राहावे लागते.

‘टेक’चेच पाहा. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ही प्रणाली १९७८ साली प्रथम सिद्ध केली. गणिताचे ग्रंथ आजही तिच्यात जुळवले जातात. तिच्या ‘लाटेक’ या अवतारात टाइम्स टंकाच्या कुटुंबाचे एक नाव ‘पीटीएम’, आणि त्याच्या एका फाइलचे नाव ‘पीटीएमआर८टी’. मंत्रच वाटतो की नाही? पण त्यातले अक्षरन् अक्षर सार्थ आहे. ‘पी’ म्हणजे अडोबी कंपनीचा, ‘टीएम’ म्हणजे टाइम्स, ‘आर’ म्हणजे साधा. तिरपा हवा तर पुढे ‘आय’ लागतो, ठळक हवा तर ‘आर’च्या जागी ‘बी’ येतो. ‘८टी’ सांगते, कोणत्या क्रमांकाच्या घरात कोणते अक्षर आहे; जुळाऱ्याच्या केसमध्ये खिळ्यांची घरे ठरलेली असत, तसेच हे. कार्ल बेरी यांनी १९९० साली मांडलेल्या पद्धतीतून ही नावे आली. एवढी काटकसर का, तर डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठच अक्षरे मिळत.

आता समजा, पुस्तकात कुठे ‘टाइम्स’ म्हटले, कुठे ‘पीटीएम’, आणि दोन्ही एकाच वळणाच्या अक्षरांत छापले. वाचक कुटुंबाच्या जागी ‘टाइम्स’ लिहून मोकळा होतो. लाटेक अडून बसत नाही; नोंदीच्या फाइलीत इशारा टाकते आणि दुसराच टंक घेऊन पाने जुळवते. ती फाइल उघडतो कोण? विद्यापीठाने टाइम्सची अट घातली असेल, तर प्रबंध बांधून आल्यावर घोटाळा कळायचा!

निबंधात पुनरुक्ती टाळा, असे आम्ही वर्गात सांगतो. इथे नेमके उलटे. संगणकाला द्यायचे नाव नेहमी टंकलेखनयंत्राच्या वळणात छापावे, बोलण्यातले साध्या अक्षरांत. आणि ते कुटुंबाचे की फाइलचे, हे दर वेळी सांगावे.

‘झीटेक’ आणि ‘लुआटेक’ यांत आता टंकाचे पूर्ण नाव देता येते, तरी प्रश्न उरतोच. टाइम्सच्या वळणाचा ‘टेक गिर टर्मीस’ घ्या: कुटुंबाचे नाव तीन सुटे शब्द, फाइलच्या नावात तेच सलग जोडलेले. पुस्तकाने एका पानावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून छापले, तर वाचकाने लिहायचे तरी कोणते?