पिंपात मुरलेली शार्डोने : चव ओळखावी कशी?

महाग वस्तू चांगलीच असणार, ही आपल्याकडची एक ठाम समजूत आहे. साडी घेताना पोत चाचपून पाहणारी, तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरणारी माणसे वाइन घेताना मात्र किंमत आणि बाटलीचा रुबाब पाहून निर्णय घेतात. लग्नाचा वाढदिवस, बढती, परदेशातून आलेला भाऊ अशा निमित्तांनी ‘ओकच्या पिंपात मुरवलेली शार्डोने’ घरात येते. साध्या पांढऱ्या वाइनपेक्षा दुप्पट-तिप्पट पैसे मोजलेले असतात. पहिल्या घोटाला काहींचे तोंड वाकडे होते, पण ‘आपल्यालाच कळत नसेल’ म्हणून सारे माना डोलावतात. ही फसवणूक दुसरे कोणी करत नाही, आपणच आपली करून घेतो.

दुधीच्या जातीचे द्राक्ष

शार्डोने हे फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचे पांढरे द्राक्ष. त्याच नावाचे एक गावही तिथे आहे. या द्राक्षाला स्वतःचा उग्र वास नाही. शेवग्याची शेंग आमटीत लपत नाही, पण दुधी भोपळा ज्या फोडणीत पडेल तिचा गुण घेतो. शार्डोने दुधीच्या जातीची. थंड प्रदेशात ती हिरव्या सफरचंदासारखी आंबटसर होते, उबदार प्रदेशात तिला पिकलेल्या आंब्या-अननसाचा वास येतो आणि ओकच्या पिंपात ठेवली की लाकडाचा गुण तिच्यात उतरतो.

पिंप बनवताना त्याच्या फळ्या आतून विस्तवावर शेकतात. त्यातून व्हॅनिला, भाजलेला पाव, बदाम यांच्यासारखे वास वाइनमध्ये येतात. पुष्कळदा वाइनमधल्या तीव्र मॅलिक आम्लाचे जिवाणूंकडून सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेतले जाते. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातले आम्ल. या क्रियेत तयार होणाऱ्या डायअॅसिटिल या पदार्थामुळे लोण्याचा वास येतो. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ अधूनमधून ढवळला, की वाइन तोंडात साईसारखी जाड लागते.

उसाच्या मुलखातला प्रयोग

आपल्याकडे या द्राक्षाची वाट सोपी नव्हती. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ साली लागवड केली ती सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जातींची. शार्डोने उष्ण हवेत अवघड. साखर भराभर चढते, आंबटपणा घटतो आणि वाइन बोजड होते.

तरीही सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात हा प्रयत्न झाला. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी २००७ च्या सुमारास फ्रातेल्ली ही कंपनी उभी केली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. टस्कनीतले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी मार्गदर्शन केले. उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातून पुढे पिंपात मुरवलेली शार्डोनेही बाजारात आली.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जातो. आपल्याकडे ती झोप नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे घड हिवाळ्याच्या थंड रात्रींत पिकतात. खाण्याच्या द्राक्षाचे नाव सगळे जाणतात, वाइनच्या द्राक्षाचे कष्ट मात्र बाटलीत झाकले जातात. गिऱ्हाइकाने केवळ ‘इम्पोर्टेड’ पाहून निवड केली, तर नुकसान त्या शेतकऱ्याचेही होते.

पैसे कशाचे?

नव्या फ्रेंच पिंपाची किंमत लाख रुपयांच्या घरात जाते. २२५ लिटरच्या पिंपातून ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या निघतात. म्हणजे बाटलीमागे तीनशेहून अधिक रुपये नुसत्या लाकडाचे झाले! तीन-चार वेळा वापरल्यावर पिंपाचा वास बराचसा उतरतो. मुरताना थोडी वाइन उडून जाते, ती सतत भरावी लागते. स्वस्त वाइनमध्ये मात्र पोलादी टाकीत ओकचे तुकडे टाकूनही असा वास आणता येतो. तेव्हा लाकडाचा वास आला म्हणजे वाइन पिंपात मुरली, असे समजू नये.

बाटली झाका, मग चाखा

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी नाव न पाहता वाइन चाखल्या. पांढऱ्या वाइनमध्ये बर्गंडीच्या नामांकित बाटल्यांना मागे टाकून कॅलिफोर्नियाच्या शॅतो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने पहिली आली. चिठ्ठी झाकल्यावर तज्ज्ञांच्या जिभेनेही वेगळा कौल दिला.

हा प्रयोग घरी करता येतो. एक साधी आणि एक पिंपातली शार्डोने घ्या, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पाहा :

• बाटली १० ते १३ अंश सेल्सिअसवर असावी. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे थांबा. फार गार वाइनचा वास दबतो. बर्फ घालू नका.
• पेला एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता हुंगा, मग हलके फिरवून.
• घोट क्षणभर तोंडात खेळवा. फळ, आंबटपणा आणि लाकूड यांतले काही एकच वरचढ आहे का?
• गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, ते पाहा. मागे नुसता लाकडाचा कडवटपणा उरत असेल, तर पिंपाने द्राक्षाला गिळले आहे.

भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर बूच दूषित असण्याची शक्यता असते. दोष तुमच्या नाकाचा नाही.

ताटात काय, कपाटात काय

झणझणीत ठेचा किंवा तांबड्या रश्श्यापुढे ही वाइन हरते. तिखटाने दारूचा दाह वाढतो. लोण्यात परतलेले पापलेट, पांढरा रस्सा, ओल्या काजूची उसळ, भाजलेले कणीस यांच्याशी तिचे चांगले जमते.

साठवणही महत्त्वाची. झाशीतल्या सीपरी बाजारात काय किंवा अकोल्यात काय, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो. अशा उन्हाळ्यात बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळावर शोभेला ठेवली, तर मुरण्याऐवजी ती भाजून निघते. थंड, अंधारी जागा नसेल, तर ती साठवण्यासाठी घेऊच नका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.

नकाराचाही मान राखा

अशा वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल असते. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘द्राक्षाचीच तर आहे’ म्हणून सासूबाईंना किंवा सुनेला आग्रह करू नये. गरोदर स्त्री, औषधे घेणारी व्यक्ती आणि गाडी चालवणारा यांनी तर दूरच राहावे. न पिणाऱ्याला कोकम सरबताचा पेला तितक्याच आदराने द्यावा.

आणि पिणाऱ्याने? दोन घोटांनंतर आवडली नाही, तर तसे खुशाल सांगावे. लोणचे किती दिवस मुरले यापेक्षा ते जिभेला कसे लागते, हेच आपल्या आज्या पाहत आल्या. शार्डोनेला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.