सोडून दिलेले ढग

ऑगस्टमधल्या दुपारी सोलापूरवर जे पांढरे ढग दिसतात, वरून फुगलेले आणि खालून सपाट, त्यातला एक मध्यम आकाराचा ढग हिशेबाला घेऊ. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक किलोमीटर. अशा ढगाच्या एका घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी धरलं, तरी एकूण भरतं ५०० टन. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजायची सवय आहे, तिथल्या माणसांच्या डोक्यावरून हे पन्नास टँकर रोज जातात. बहुतेक वेळा एक थेंबही न सांडता ते अक्कलकोटच्या बाजूला सरकतात आणि विरून जातात.

एवढं वजन वर राहतंच कसं? ढगातलं पाणी फार बारीक झालेलं असतं. ढगातल्या कणाची त्रिज्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे एक किलोमीटर उतरायला त्याला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतील. तितका वेळ त्याला कोण देतो! ढगाखालच्या कोरड्या हवेत शिरल्यावर काही सेंटिमीटरांतच त्याची वाफ होते. शिवाय खालून वर येणारी हवा त्याला मुळात उतरूच देत नाही. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब मात्र हेच अंतर अडीच-तीन मिनिटांत कापून जमिनीवर आदळतो. फरक फक्त आकाराचा आहे, आणि तो आकार गाठायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. दहा लाख, तेही अर्ध्या-पाऊण तासात, कारण असा ढग जगतोच तेवढा वेळ.

ढगाचा तळ सपाट का, हेही इथेच सांगून टाकतो, कारण जमिनीलगतच्या हवेची सगळी गोष्ट त्या रेषेत आहे. उन्हानं काळी जमीन तापते, तिला टेकलेली हवा तापते आणि वर निघते. वर जाताना दर किलोमीटरला ती सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. ज्या उंचीवर ती इतकी गार होते की बाष्प धरून ठेवता येत नाही, तिथे ढग सुरू होतो. जमिनीवर तापमान ३२ अंश असेल आणि दव धरायला हवा २२ अंशांपर्यंत गार व्हावी लागत असेल, तर ढगाचा तळ साधारण १,२५० मीटरवर येतो: दोन आकड्यांतल्या फरकाला १२५ ने गुणायचं, झालं. आसपासची हवा सारखीच, म्हणून सगळ्या ढगांचे तळ एका पातळीत. कोकणात हवा इतकी ओली असते की ढग माडांना टेकल्यासारखे वाटतात. सोलापुरात तळ उंच, आणि खालची हवा तहानलेली. थेंब सुटला तरी वाटेतच आटण्याची भीती.

आणि ढग स्वतःच्याच मुळावरही उठतो. त्याचं पांढरं डोकं ऊन परत आकाशात फेकतं, खाली सावली पडते, जमीन निवते, आणि ज्या गरम हवेवर तो वाढत होता तिचाच पुरवठा कमी होतो. रात्री उलटा कारभार. जमीन जी उष्णता अदृश्य किरणांनी वर सोडते, ती ढग अडवतो आणि काही खाली परत देतो; म्हणून आभाळ असलेली रात्र उबदार आणि निरभ्र रात्र गारठ्याची. मघा-उत्तरांत ज्या आभाळाची वाट पाहायची, तेच डिसेंबरात आलं की सांगोल्याचा डाळिंबवाला आणि ज्वारीवरच्या माव्याला भ्यालेला शेतकरी हैराण. या किरणांचा जमाखर्च मोजायची साधनं आपल्याकडे उभी राहिली त्यात अण्णा मणी या शास्त्रज्ञ बाईंचा वाटा मोठा. पुण्याच्या हवामान खात्यात बसून त्यांनी १९५७-५८ च्या सुमारास देशभर सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं. मराठी वाचकांना त्या माहीत असायला हव्यात त्या मानानं फार कमी माहीत आहेत.

आता मुख्य अडचण. ढगातला प्रत्येक कण कशाच्या तरी आधारानं जन्मतो: समुद्री मीठ, धूळ, चुलीचा किंवा गाड्यांचा धूर. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत असे आधार थोडे, म्हणून कण थोडे पण मोठे. जमिनीवरच्या धुरकट हवेत आधार भरमसाट. पाच माणसांच्या स्वयंपाकावर पन्नास पानं मांडावीत तसा प्रकार: पाणी तेवढंच, वाटेकरी दसपट, आणि कुणाचंच पोट भरत नाही. सगळे कण सारखेच बारीक राहिले की ते एकमेकांवर आदळतही नाहीत. त्रिज्या १४ मायक्रॉनच्या आसपास पोचली की टकरा आणि जुळणी वेग घेते, त्याआधी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ मध्ये ‘कायपीक्स’ या मोहिमेत विमान थेट ढगांत घालून हे मोजलं. हवेत कण जितके जास्त, तितकं ढगाला पाऊस धरण्यासाठी अधिक उंच जावं लागतं, असं त्यात दिसलं.

या मोहिमेचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला झाला. जागा अचूक निवडलेली. महाबळेश्वर इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही, पण पावसात दोघांची गाठ नाही. सोलापूरच्या वाट्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं. सह्याद्री ओलांडून आलेले वारे घाटावर बरंच ओझं उतरवून येतात. तरीही डोक्यावर ढग असतात, बाष्पही असतं. नसतो तो थेंब व्हायला लागणारा नेट.

दोन विमानं उडायची. एक ढगाच्या तळाखाली, जिथे हवा वर चढते नेमकं तिथे. त्याच्या पंखांना लावलेल्या नळकांड्या पेटवल्या की कॅल्शियम क्लोराइडचे पाणी ओढून घेणारे कण वर जातात. ते बाकीच्यांपेक्षा लवकर फुगतात आणि टकरांना सुरुवात करून देतात. दुसरं विमान ढगातून आरपार जाऊन, लेसरच्या झोतातून जाणारे कण एकेक करून मोजतं. खाली जमिनीवर रडार, वरच्या हवेची नाडी पाहणारे फुगे, आणि पडणाऱ्या थेंबांचा आकार नोंदवणारी यंत्रं.

पण मला या प्रयोगात सर्वांत थक्क करणारी गोष्ट नळकांडी नाही. नळकांडी कुणीही पेटवू शकतो, आणि दुष्काळ पडला की आपल्याकडे कुणी ना कुणी तशी घोषणाही करतं. विमान उडतं, संध्याकाळी कुठे तरी सर येते, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. ती सर विमान नसतं तरी आलीच नसती कशावरून? फवारलेला ढग न फवारता कसा वागला असता, हे त्या ढगाला विचारता येत नाही. त्यावर उपाय एकच: सारखेच दिसणारे पुष्कळ ढग घ्यायचे, आणि कुणाला औषध द्यायचं, कुणाला नाही, हा निर्णय नशिबावर सोडायचा. वैमानिकाच्या नजरेवर नाही, शास्त्रज्ञाच्या मनावर तर नाहीच. माणसाचा हात नकळत धष्टपुष्ट ढगाकडेच जातो.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर विमान तयार आहे, ढग भरलेला आहे, खाली कोरडं शिवार आहे, आणि कौल ‘नाही’ आला म्हणून तो ढग हात न लावता सोडून द्यायचा. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातलेही तालुके होते. त्याच वर्षी, त्याच आभाळाखाली हे चाललं होतं. कठोर वाटेल, पण याखेरीज कुठलाही आकडा खरा ठरत नाही. पुण्याच्या या संस्थेला ही शिस्त नवी नव्हती. बारामतीच्या परिसरात १९७३ ते १९८६ या काळात मिळून अकरा पावसाळे तिनं ढगांत मिठाची पूड फवारली होती, तीही याच पद्धतीनं, दोन क्षेत्रांतलं एक फवारून आणि दुसरं मुद्दाम कोरडं ठेवून. तेव्हा पाऊस २४ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं गेलं.

सोलापूरचे निष्कर्ष तारा प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. २७६ ढगांचा अभ्यास. काही ठिकाणी पाऊस सरासरी ४६ टक्क्यांनी वाढला, चूकभूल १३ टक्के. वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्याचा विचार केला तर वाढ १८ टक्के, चूकभूल २.६. पाण्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे सांगितला गेला.

वर्तमानपत्रांनी ४६ उचलला. मी १८ टक्के लक्षात ठेवीन, कारण शेत एका ठिकाणी नसतं, पट्ट्यात असतं. आणि १८ टक्के कशाचे? जो पाऊस पडणार होता त्याचे. ढगच आला नाही तर विमान घिरट्या घालून परत येतं. पावसानं महिनाभर दडी मारली, तर मुळात वाढवायला काही उरतच नाही. हस्त नक्षत्रात मात्र, काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पेरायला ओल हवी असते तेव्हा, एका सरीचे पाच-सहा मिलिमीटर जास्त पडले तरी मंगळवेढ्यात त्याची किंमत कळते.

न फवारलेल्या ढगांचं पुढे काय झालं, हा प्रश्न राहतो. त्यांच्या नोंदी फुकट गेल्या नाहीत. पुण्याच्या याच संस्थेत घडवलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत अंदाज प्रणाली देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून हवामानाचा अंदाज बांधते. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते, म्हणजे प्रगती मोठी आहे. तरीही सोलापूरवरचा एक किलोमीटरचा ढग त्या चौकोनात हरवतो. संगणकाला तो दिसत नाही, सूत्रांनी कल्पावा लागतो. त्यात कण किती, किती उंचीवर त्यांची जुळणी सुरू होते, सावलीनं जमीन किती निवते, हे सूत्रात घालायचं तर कुणीही न छेडलेला, आपल्या मर्जीनं वाढलेला आणि विरलेला ढग मोजलेला असावा लागतो. कौल ‘नाही’ आला म्हणून सुटलेल्या ढगांतूनही दुसरं विमान आरपार गेलं होतंच.